हूड तेवढं ठेवलं

जुन्या गाड्या विकायच्या ॲपवर जाहिरात भरताना एक रकाना येतो : बॉडी टाइप. त्यात पर्याय दिलेले असतात. हॅचबॅक, सेडान, एसयूव्ही, एमयूव्ही, कन्व्हर्टिबल. गेल्या दिवाळीत तिसगावला ओट्यावर बसून मी आमची जीप त्या ॲपवर चढवत होते आणि या रकान्यापाशी अडले. एसयूव्ही म्हणावं तर लोक काचा, एसी, म्युझिक सिस्टिम विचारणार. शेवटी मी कन्व्हर्टिबलवर बोट ठेवलं.

"म्हंजी काय?" शेजारी बसलेल्या आप्पांनी विचारलं.

"टप उघडता येणारी गाडी, आप्पा. जुन्या सिनेमात हीरो-हिरॉइन गाणं म्हणत फिरतात ना, तसली."

आप्पांनी अंगणातल्या जीपकडं पाहिलं. तिच्या मागच्या बाकड्यावर एक कोंबडी डोळे मिटून बसली होती.

"मग बरोबर हाय," ते म्हणाले. "फक्त टप काढायला दोन माणसं आन् अर्धा तास लागतो, तेवढं लिही खाली."

मी तेवढं लिहिलं. मग मॉडेलचं साल आलं : १९६४. ॲपची यादी तितकी मागं जातच नव्हती. त्यामुळं आमच्या जीपचं साल मला 'इतर माहिती'त लिहावं लागलं.

तिसगाव नगरपासून पस्तीस-चाळीस किलोमीटरवर, पाथर्डी तालुक्यात आहे. नगरहून निघालं की डाव्या-उजव्या बाजूला कांद्याची रानं लागतात, डोंगरावर चांदबिबी महाल दिसतो (नाव चांदबिबीचं असलं तरी ती सलाबतखानाची कबर आहे), मग करंजीचा घाट, करंजी, आणि पुढं आमचं गाव. गावाला जुन्या वेशी आहेत. जवळच मढीला कानिफनाथांचं ठाणं, दुसऱ्या बाजूला डोंगरात वृद्धेश्वर. रस्ता आता राष्ट्रीय महामार्ग झालाय, पण पाऊस मात्र आमच्याकडं पूर्वीसारखाच, आला तर आला. तालुक्यातली कितीतरी कुटुंबं दिवाळी झाली की कोयता घेऊन ऊसतोडीला जातात. अशा गावात कन्व्हर्टिबल गाडी असणं म्हणजे हूडवाली जीप असणं. आमच्याकडं ती चाळीस वर्षं होती.

माझे आजोबा, तात्या, यांनी ती १९८४ मध्ये एका सरकारी खात्याच्या निर्लेखित गाड्यांच्या लिलावात घेतली. अठरा हजारांना. त्या वर्षी कांद्याला भाव मिळाला होता आणि आजीला पाटल्या करायच्या होत्या. तात्या पाटल्या आणायला म्हणून नगरला गेले आणि जीप घेऊन आले, ही गोष्ट आजी शेवटपर्यंत सांगायची. सांगताना तिचा राग खरा असायचा आणि हसूही खरं असायचं.

ती महिंद्राची सीजे-थ्री-बी. हे नाव मला बरंच नंतर कळलं. घरात तिला फक्त 'जीप' म्हणायचे. जीपचा पहिला नमुना अमेरिकेत बँटम नावाच्या एका छोट्या कंपनीनं १९४० मध्ये लष्करासाठी ४९ दिवसांत बनवला, पण युद्धात त्या लाखांनी बनवल्या त्या विलीज आणि फोर्ड यांनी. मुंबईत १९४५ साली 'महिंद्र अँड महंमद' नावाची कंपनी निघाली. फाळणीनंतर त्यातले गुलाम महंमद पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री आणि पुढं गव्हर्नर जनरल झाले. इकडं १९४८ मध्ये कंपनीचं नाव 'महिंद्र अँड महिंद्र' झालं. विलीजच्या जीप जोडण्यापासून त्यांनी सुरुवात केली आणि पुढं त्या इथंच बनू लागल्या. थ्री-बीचं बॉनेट आधीच्या जीपपेक्षा उंच, कारण आतलं इंजिन उंच होतं : हवा आत घेणारे व्हॉल्व्ह वर हेडमध्ये आणि धूर बाहेर टाकणारे खाली ब्लॉकमध्ये. २.२ लिटरचं, पेट्रोलवर चालणारं. पुढची काच बिजागरीवर, ती बॉनेटवर आडवी पाडता यायची. तेलाची टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली. पायाशी तीन दांडे : एक गिअरचा, एक पुढच्या चाकांना जोर द्यायचा, एक चढाला लावायचा.

हे सगळं मी मोठी झाल्यावर वाचलं. लहानपणी मला एवढंच ठाऊक होतं, की मधल्या दांड्याला हात लावला की तात्या ओरडतात.

पेट्रोलचं इंजिन तात्यांना परवडेना. लिटरला सहा-सात किलोमीटर, आणि घाट चढताना त्याहून कमी. तीन वर्षं कशीबशी काढून १९८७ मध्ये त्यांनी ते उतरवलं आणि नगरच्या जुन्या मालाच्या बाजारातून मॅटाडोरचं डिझेल इंजिन आणलं. त्या काळी हा उद्योग गावोगाव चालायचा. पण नुसतं इंजिन बदलून भागत नाही. मॅटाडोरचं इंजिन आणि जीपची गिअरपेटी यांची भोकं जुळत नाहीत, म्हणून मधे लेथवर घासून जाड पट्टी बसवावी लागते. वजन वाढतं, म्हणून पुढच्या पाट्यांत एकेक जादा पाटी घालावी लागते. डिझेल धडधडतं, म्हणून इंजिनाच्या बैठकीखाली टायर कापून रबर घालावं लागतं. मिस्त्रींनी हे सगळं आठ दिवसांत, आमच्याच अंगणात, चिंचेच्या फांदीला चेनपुली बांधून केलं. तात्यांनी आरसी बुकात इंधनाची नोंद बदलून घेतली. आणि उतरवलेलं पेट्रोलचं इंजिन? ते विहिरीवर नेऊन पंपाला जोडलं. चार उन्हाळे त्यानं पाणी उपसलं आणि मग भंगारात गेलं.

त्यानंतर जीप ताशी साठच्या वर कधी गेली नाही. पण ती कशालाही नाही म्हणाली नाही.

उन्हाळ्यात आम्ही हूड काढायचो. जाड ताडपत्रीचं, खाकी, गावातल्याच शिंप्यानं शिवलेलं. लोखंडी कमानी मागं दुमडल्या, काच पुढं पाडली, की जीपची नुसती परात व्हायची. त्या परातीत बसून आम्ही भावंडं मढीच्या यात्रेला जायचो. रंगपंचमीला तिथं गाढवांचा बाजार भरतो. लांबलांबहून व्यापारी येतात, काठेवाडी गाढवांचे भाव वेगळे, गावठींचे वेगळे. गिऱ्हाईक आधी तोंड उघडून दात बघतं, म्हणजे वय कळतं. येताना रात्र व्हायची. मी मागच्या डाव्या कोपऱ्यात पोत्यावर पाठ टेकून झोपायचे आणि वर नुसतं आभाळ असायचं. पुण्यात आता माझ्या सोसायटीत नव्या कोऱ्या कापडी टपाच्या चार थार उभ्या असतात. त्यातल्या एकीचाही टप उघडलेला मी अजून पाहिला नाही.

पावसाळ्यात हूड चढायचं. ते त्याच डाव्या कोपऱ्यात गळायचं. शिंपी दर वर्षी ठिगळ लावायचा आणि पाणी दर वर्षी ठिगळाच्या शेजारून वाट काढायचं.

पण जीपची खरी कामं वेगळी होती. १९९१ च्या पावसाळ्यात वस्तीवरच्या एकाला रात्री नाग चावला. त्याला बाजेसकट जीपमध्ये घातलं, पण मागची फळी पाडूनही बाज आत मावेना. पाय बाहेर लोंबत राहिले आणि दोन माणसं ते पाय धरून मागं उभी राहिली. करंजीचा घाट, पाऊस, मागं उघडी फळी. तो माणूस वाचला. दुसऱ्याच महिन्यात तात्यांनी जीप पुन्हा मिस्त्रींकडं नेली आणि मागची बॉडी कापून नऊ इंच वाढवून घेतली. त्यानंतर माणूस आडवा मावू लागला. किती जण त्या नऊ इंचांत झोपून नगरला गेले, याचा हिशेब कुणी ठेवला नाही. त्यात बाळंतपणाच्या बायका होत्या, विष घेतलेला एक पोरगा होता, आणि शेवटी, २०१६ मध्ये, तात्या स्वतः होते. तोवर गावात ॲम्ब्युलन्स यायला लागली होती. पण तात्यांनी जीपच मागितली.

तो नाग चावलेला माणूस दर दसऱ्याला आमच्याकडं यायचा. आमच्या आधी जीपला झेंडूचा हार त्याचा.

२०१२-१३ च्या दुष्काळात मागं ट्रॉलीचा हूक जोडून आप्पांनी तिच्यानं पाण्याच्या टाक्या ओढल्या. त्याच वर्षी, मी दहावीत असताना, त्यांनी मला जीप शिकवली. पहिला गिअर टाकायचा तर गाडी पूर्ण थांबलेली पाहिजे, नाहीतर दात खरखरतात. क्लच इतका जड, की मी सीटच्या कडेला सरकून दोन्ही हातांनी स्टिअरिंगला लटकायची आणि मग पाय दाबायची. आप्पा शेजारी बसून सांगायचे, "आवाज ऐक. ती सांगती कवा बदलायचं ते." गावातली पोरं बांधावर बसून बघायची. चुलत्यानं विचारलंच, पोरीला कशाला? आप्पा म्हणाले, "रातच्याला मी घरी नसलो आन् कुणाला काय झालं, तर किल्ली कुणाच्या हातात देऊ?" त्यांच्या लेखी गाडी शिकणं म्हणजे तेवढंच होतं.

पुढं मी इंजिनिअरिंग केलं, पुण्यात नोकरीला लागले. आणि इथून पुढचं सांगताना मला जरा अवघड जातं.

जीप विकायची गोष्ट आप्पांनी पहिल्यांदा २०२० मध्ये काढली. जुन्या खासगी गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी वाढवून घ्यावी लागते. गाडी आरटीओत न्यायची, तपासून घ्यायची, पर्यावरण कर भरायचा. त्यांचा गुडघा तेव्हाच दुखायला लागला होता. मी फोनवर ओरडले. तात्यांची आठवण, घरातलं माणूस, असलं सगळं बोलले. त्यांनी ऐकून घेतलं आणि नोंदणी वाढवून आणली.

त्यानंतरच्या चार वर्षांत मी ती जीप तीनदा चालवली. दोनदा दिवाळीत, गावाबाहेरच्या रस्त्यापर्यंत, आणि एकदा ऑफिसातल्या मित्रमैत्रिणी आल्या तेव्हा. त्यांनी फोटो काढले, मी ते टाकले, खूप जणांना आवडले. त्याच चार वर्षांत आप्पांनी दोनदा बॅटरी बदलली, एकदा क्लचप्लेट, एकदा रेडिएटरला डाग दिला. दर आठवड्याला ती चालू करून दहा मिनिटं धडधडू दिली. गुडघ्याला पट्टा बांधून. न विकण्याचा हट्ट माझा होता आणि ती जिवंत ठेवण्याचं काम त्यांचं.

२०२५ मध्ये नोंदणी पुन्हा संपणार होती. वाढवून घ्यायची फी एप्रिल २०२२ पासून सहाशेवरून पाच हजार झाली होती. वर कर, वर नवी हाय सिक्युरिटी नंबरप्लेट, वर तपासणीला उभी करण्याआधीची कामं. दिवाळीत आई म्हणाली, "सीटमधी उंदरांनी पिल्लं घातली." आप्पांनी काहीच म्हटलं नाही. रात्री जेवताना त्यांनी मला एकच विचारलं.

"तू नेती का पुण्याला?"

मी ताटात बघत राहिले. भाड्याचा फ्लॅट, एका गाडीचं पार्किंग, त्यात माझी गाडी. पण खरं कारण पार्किंग नव्हतं. तो प्रश्न जीपबद्दल नव्हता, हे आम्हा दोघांनाही कळत होतं. तू परत येणार का, कधीतरी, इथं राहायला, असं त्यांना विचारायचं असतं तर त्यांनी ते असंच विचारलं असतं. 'नाही' हा शब्द मी उच्चारला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ओट्यावर बसून मी जाहिरात भरली.

पहिला फोन भंगारवाल्याचा. त्यानं फोटो न बघताच किलोचा भाव सांगितला. जीपचं वजन हजार-अकराशे किलो, हिशेब तोंडी होण्यासारखा. दुसरा महामार्गावर नवं हॉटेल काढणारा. त्याला ती दारात उभी करायची होती, आत दिवे सोडून. "इंजिन नसलं तरी चालेल," तो म्हणाला. आप्पांनी फोन माझ्या हातात परत दिला.

तिसरे गृहस्थ पुण्याहून आले. जुन्या गाड्या घेऊन मूळ रूपात आणायचा त्यांना नाद. आले, नमस्कार केला, चहा नको म्हणाले आणि अंगणात सतरंजीही न मागता थेट जीपखाली आडवे झाले. तोंडात बॅटरी. अर्ध्या तासानं बाहेर आले तेव्हा शर्ट ग्रीसनं माखलेला आणि चेहरा लहान पोरासारखा झालेला. चेसीवरचा नंबर त्यांनी पाण्यानं धुऊन वाचला. मागच्या फळीचा रंग नखानं खरवडला : निळ्याखाली पांढरट, त्याखाली हिरवा. "हा हिरवा पहिला," ते म्हणाले. आप्पा वाकून बघत राहिले. चाळीस वर्षं आमच्या दारात असलेल्या गाडीचा रंग हिरवा होता, हे आम्हाला एका परक्या माणसानं दाखवलं. मढीच्या बाजारात दात बघतात, तसंच हे.

मग त्यांनी वही काढली. काय काय बदलावं लागेल, ते लिहायला लागले. आणि आप्पा प्रत्येक ओळीला उत्तर द्यायला लागले.

"इंजिन मूळचं नाही."

"पेट्रोल परवडत नव्हतं. ते विहिरीवर लावलं होतं."

"पुढच्या पाट्या जादा आहेत."

"डिझेल वजनदार. नाक टेकत होतं."

"हा मागचा हूक?"

"पाण्याच्या टाक्या वढायला. दुष्काळ होता."

"आणि ही मागची बॉडी तर कापून वाढवलीय. हे सगळंच काढावं लागेल."

आप्पा जरा थांबले. "माणूस आडवा मावत न्हवता," ते म्हणाले.

त्या गृहस्थांनी वर पाहिलं. पेन थांबलं. मग खाली बघून त्यांनी तेही लिहिलं, आकड्यासकट.

माझं रोजचं काम जुन्या सॉफ्टवेअरची देखभाल करण्याचं आहे. दहा-पंधरा वर्षं चाललेल्या कोडमध्ये विचित्र ओळी असतात. नवा माणूस आला की म्हणतो, हे काय भलतंच, पुसून नव्यानं लिहू. मीही म्हणायचे. मग कुणीतरी जुना सांगतो, की ती ओळ अमुक साली अमुक रात्री सगळं बंद पडलं होतं म्हणून घातली. त्या दिवशी अंगणात मला तेच दिसत होतं, फक्त इथं प्रत्येक ओळीचा भाव ठरत होता, आणि तो वजा होत होता. आम्ही घेण्याआधी ती जशी होती, त्याचे पैसे मिळणार होते. आमची चाळीस वर्षं म्हणजे दुरुस्तीचा खर्च.

त्यांची बाजू त्यांनी नीट समजावून सांगितली. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारनं व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळा नियम केला. पन्नास वर्षांहून जुनी आणि मूळ स्वरूपातली गाडी असेल, चेसी, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार नसेल, तर तिला वेगळा नंबर मिळतो, मधे 'व्हीए' अक्षरं असलेला. वीस हजार फी, दहा वर्षं चिंता नाही. मग ती प्रदर्शनाला, रॅलीला न्यायची. रोजच्या कामाला वापरायची नाही. "जुनं इंजिन मी शोधलंय एका ठिकाणी," ते म्हणाले. "ही गाडी मरू द्यायची नाही मला." ते खरंच बोलत होते. त्यांनी दोन लाख दहा हजार सांगितले.

चौथा माणूस आष्टीकडचा. माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठा असेल. डोंगराकडेला रान, गाई, दुधाचे कॅन रोज खाली आणायचे. त्यानं बॉनेट उघडलं, इंजिन चालू करून कान लावला, बंद केलं आणि म्हणाला, "चांगलं राखलंय." चढाचा दांडा टाकून ओढ्यातून एक फेरी मारून आला. त्याला डिझेलच हवं होतं, हूकही हवा होता, वाढवलेली बॉडी तर फारच आवडली. एक लाख साठ हजारांच्या वर जायची त्याची ऐपत नव्हती, आणि तसं त्यानं सरळ सांगितलं.

माझं त्याच क्षणी ठरलं. पन्नास हजारांचा फरक, पण जीप जशी आहे तशी राहील, रोज चालेल, ओढ्यातून जाईल. मी रात्री आप्पांना म्हणाले, उरलेले पन्नास मी घालते, तुम्ही त्यालाच द्या. वाटलं, त्यांच्या मनातलंच मी बोलले.

आप्पा बराच वेळ सुपारी कातरत बसले.

"म्हातारा बैल नांगराला इकत नसत्यात," ते म्हणाले.

मला कळेना. त्यांनी मग समजावलं, मला कधीकाळी क्लच समजावला होता तसं. तो पोरगा चांगला आहे. पण त्याला रोज घाट आहे. साठ वर्षांची चेसी, किती दिवस ओढेल? एक दिवस ओढ्यात पाटी तुटेल, मग तो तिला शिव्या देईल, मग भंगारात घालेल. त्याची चूक नाही, त्याला दूध पोचवायचं आहे. "आपण लई काम करून घेतलं तिच्याकडून. आता कुणी तिला सावलीत बांधून घालतो म्हणतोय, तर घालू दे."

"पण आप्पा, ते सगळं काढून टाकणार. तात्यांचं सगळं."

"काढू दे की. त्याला जीप पायजे, आपली जीप नकोय त्याला. आपली आपण वापरली."

मी चार वर्षं जी भांडत होते ती जीप वाचवण्यासाठी नव्हे, हे मला तेव्हा लख्ख दिसलं. मला ती कुठंतरी चालत राहायला हवी होती, म्हणजे मी निघून आलेय हे इतकं टोचणार नाही. आप्पांना तसलं काही नको होतं. त्यांना जनावर कुणाच्या दावणीला जातंय, एवढंच बघायचं होतं.

आष्टीच्या त्या माणसाला आप्पांनी स्वतः फोन केला, नाही म्हणून सांगितलं, आणि पाथर्डीत एक बरी डिझेल जीप, तीस वर्षांनी तरणी, विकायला आहे, तिचा पत्ताही दिला.

कागद मी केले. गाडी तात्यांच्या नावावरून आप्पांच्या नावावर आली ती २०१६ मध्ये फॉर्म ३१ भरून, वारसाचा. आता फॉर्म २९ आणि ३०, विक्रीचे. आप्पांनी प्रत्येक सहीआधी कागद पूर्ण वाचला. मार्चमध्ये, रंगपंचमीच्या आदल्या आठवड्यात, पुण्याहून सपाट पाठीचा ट्रक आला. मढीच्या वाटेवर तेव्हा पायी काठ्या निघालेल्या, रस्त्यावर गर्दी. ट्रकवाल्यानं विंच लावायला तार काढली, तर आप्पा म्हणाले, थांब. गुडघ्याला पट्टा बांधून ते चढले, पहिला गिअर टाकला, चढाचा दांडा ओढला आणि त्या दोन अरुंद फळ्यांवरून जीप एका दमात वर नेली. इंजिन बंद केल्यावर लगेच उतरले नाहीत. स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिले. मी खाली उभी होते, दुसरीकडं बघत.

नाग चावलेला माणूस हार घेऊन आला होता. दसरा नव्हता, झेंडू महाग होता. त्यानं तो समोरच्या जाळीला बांधला.

हूड मात्र त्या गृहस्थांना नको होतं. ते नवं शिवणार होते, जुन्या मापाचं. आमच्याकडं जनावर विकलं तर दावं परत आणायची रीत आहे. बैल जातो, दावं राहतं. आप्पांनी हुडाची घडी करून ते काखेत मारलं आणि गोठ्याकडं गेले.

पैशांतून विहिरीचा गाळ काढला. उरलेले गुडघ्यासाठी ठेवलेत. ऑपरेशन करायचं की नाही, यावर घरात अजून वाद चालू आहे.

मे महिन्यात एक फोटो आला. जीपचा सांगाडा लाकडी ठोकळ्यांवर उभा होता, बॉडी वेगळी, चेसी वेगळी. मागचे नऊ इंच कापलेले. मी तो फोटो आप्पांना पाठवावा की नाही, यात दोन दिवस घालवले. शेवटी पाठवला. संध्याकाळी त्यांचा फोन आला. त्यांनी फोटो मोठा करून इंच-इंच बघितला होता.

"चेसीला कुठंच गंज नाय बघ," ते म्हणाले. "नीट राखली आपण."

जूनमध्ये पहिला पाऊस झाला तेव्हा मी ऑफिसात होते. रात्री आईला फोन केला, तर ती गोठ्यातून नुकतीच आत आली होती. कडब्याच्या गंजीवर आता ते हूड टाकलंय. पाऊस चांगला झाला, म्हणाली, पण कडबा एका बाजूनं भिजला.

"कुठल्या बाजूनं?" मी विचारलं.

"डाव्या कोपऱ्यात," आई म्हणाली. "उद्या शिंप्याकडं द्यायचं म्हणत्यात."